वलणीवरचे कपडे आणि वास्तववादी तपशिलाचे वाचन

१

मराठी कथा-कादंबरीच्या समीक्षेत 'वातावरणनिर्मिती' ही संज्ञा फार सहजपणे वापरली जाते. चाळीचे वर्णन आले, त्यात गॅलरीतल्या दोऱ्यांवर वाळत घातलेली लुगडी, पंचे, लहान मुलांची झबली आली, की लेखकाने मोजक्या तपशिलांतून चाळीचे वातावरण जिवंत केले आहे, अशा आशयाचे विधान करून समीक्षक पुढच्या मुद्द्याकडे वळतो. याच प्रकारचा तपशील दलित आत्मकथनात आला तर त्याच समीक्षकाची परिभाषा बदलते. आता तपशिलाला 'दस्तऐवजी मूल्य' असते. तो समाजशास्त्राला उपयोगी असतो. त्याच्या वाङ्मयीन मूल्याचा प्रश्न वेगळा काढला जातो. म्हणजे वलणीवरचे कपडे एका संहितेत कलेच्या बाजूला जमा होतात आणि दुसऱ्या संहितेत पुराव्याच्या बाजूला. ही वाटणी कोणत्या निकषावर होते, याचा विचार फारसा झालेला नाही.

तपशील हा वास्तववादाचा मूलभूत घटक. तपशिलाच्या वाचनाची पद्धतच संहितेच्या लेखकाच्या सामाजिक स्थानानुसार बदलत असेल, तर वास्तववादाविषयीची आपली सारी चर्चा संशयास्पद ठरते. हा प्रश्न अमूर्त पातळीवर सोडवण्यापेक्षा एकच साधा तपशील घेऊन त्याच्या वाचनाच्या शक्यता तपासणे अधिक फलदायी होईल. घरगुती धुणे उघड्यावर वाळत घालणे हा असा तपशील आहे. तो सर्व थरांतील घरांत आढळतो. तो इतका नित्याचा आहे की त्याकडे लक्ष जात नाही. आणि त्याला भारतीय समाजात शुद्धाशुद्धतेच्या, लिंगभेदाच्या व श्रमविभागणीच्या संकेतांनी घट्ट वेढलेले आहे.

२

वास्तववादी तपशिलाच्या चर्चेत रोलाँ बार्थ यांच्या १९६८ मधील 'वास्तवाचा परिणाम' या निबंधाचा उल्लेख अपरिहार्य आहे. फ्लोबेरच्या 'एक साधे हृदय' या कथेतील दिवाणखान्याचे वर्णन बार्थ विचारात घेतात. तेथील पियानो मालकिणीचा बूर्ज्वा दर्जा सुचवतो, खोक्यांचा ढीग घरातील अव्यवस्था सुचवतो. परंतु भिंतीवरील बॅरोमीटर काहीच सुचवत नाही. कथानकाला त्याचा उपयोग नाही, पात्रस्वभावाशी त्याचा संबंध नाही, प्रतीकयोजनेतही तो बसत नाही. असा निरुपयोगी तपशील केवळ 'वास्तव' या कोटीचा निर्देश करतो, असे बार्थ यांचे प्रतिपादन आहे. त्याचा अर्थ म्हणजे त्याचे अर्थहीन असणेच होय.

मराठी समीक्षेतील 'वातावरणनिर्मिती' ही संज्ञा नकळत हीच भूमिका घेते. दोरीवरचे कपडे कथानकाला पुढे नेत नाहीत. ते आहेत म्हणून चाळ 'खरी' वाटते, एवढेच त्यांचे कार्य मानले जाते. फार तर त्यांना पियानोचा दर्जा मिळतो आणि ते दारिद्र्याचे किंवा दाटीचे चिन्ह ठरतात. दोन्ही प्रकारांत हे वाचन पहिल्या दृष्टिक्षेपातच संपते.

बॅरोमीटर आणि वलणी यांत मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. बॅरोमीटर कादंबरीबाहेरही बहुतांशी एक उपकरणच असतो. वलणीवरचे कपडे कादंबरीत येण्यापूर्वीच एका चिन्हव्यवस्थेचे घटक झालेले असतात. समोरच्या बिऱ्हाडाच्या दोरीवरून शेजारी घरातील माणसांची संख्या ओळखतात. झबली-दुपटी दिसली की बाळंतीण घरी आल्याचे समजते. चादरी रोज दिसू लागल्या की कोणीतरी अंथरुणाला खिळल्याची शंका येते. तांबडे आलवण वाळत असेल तर घरात केशवपन केलेली विधवा आहे हे एके काळी कोणालाही सांगावे लागत नसे. खाकी गणवेश, शाळेचा सदरा, ठिगळाचे धोतर, निळीचा जास्त झालेला हात, या प्रत्येकातून काहीतरी वाचले जाते. हिंदुस्थान लिव्हरने १९५९ मध्ये सर्फ बाजारात आणल्यावर आणि १९६९ मध्ये निरमाचा प्रारंभ झाल्यानंतरच्या काळात जाहिरातींनी शुभ्रतेची जी स्पर्धा लावली, तिने या वाचनाला आणखी एक परिमाण दिले. आता दोरीवरून घराची ऐपत आणि गृहिणीची दक्षता एकाच वेळी मोजली जाऊ लागली.

स्वतः बार्थ यांनी १९५७ च्या 'मायथॉलॉजीज'मध्ये साबणाच्या भुकट्या व धुण्याची द्रावणे यांच्या जाहिरातींतील मिथके उलगडून दाखवली होती. कपडे धुण्यासारखी क्रिया अर्थाने किती भारलेली असते हे त्यांना पूर्णपणे माहीत होते. म्हणूनच १९६८ च्या निबंधातील बॅरोमीटरचा न्याय वलणीला लावायचा की १९५७ च्या ग्रंथातील साबणाचा, हा प्रश्न खुद्द बार्थ यांच्या विचारातूनच उपस्थित होतो. दुसरा पर्याय स्वीकारला तर वलणीचे वर्णन हे वास्तवाचे चित्र राहत नाही. एका संहितेने दुसऱ्या संहितेचे केलेले वाचन असे त्याचे स्वरूप होते. आणि कोणतेही वाचन कोठूनतरी, कोणाच्यातरी जागेवरून केलेले असते.

३

या जागेचा प्रश्न स्पष्ट होण्यासाठी दोन अभिजात प्रसंग शेजारी ठेवून पाहता येतील.

'अभिज्ञानशाकुंतला'च्या पहिल्या अंकात दुष्यंत रथातून येत असता कोणी सांगितल्यावाचून आपण तपोवनाच्या परिसरात पोहोचलो आहोत हे ओळखतो. त्याने हेरलेल्या खुणांमध्ये झाडांखाली सांडलेले नीवाराचे दाणे आहेत, माणसाला न बुजणारी हरणे आहेत, आणि जलाशयाकडून येणाऱ्या वाटांवर ओल्या वल्कलांच्या टोकांतून ठिबकलेल्या पाण्याच्या रेषा आहेत. ओले वस्त्र येथे प्रत्यक्ष दिसतही नाही. त्याच्या ठिबकण्याची रेषा दिसते आणि तिच्यावरून राजा अनुमान करतो. स्वभावोक्तीचा हा उत्तम नमुना आहे. तथापि या वाचनाचे स्वरूप काय आहे? रथात बसलेला राजा खुणांवरून एका कोटीपर्यंत पोहोचतो: हा आश्रम आहे. ही रेषा कोणाच्या वल्कलाची, ते कोणी भिजवले, ते कोण कोठे वाळत घालणार, हे प्रश्न त्याच्या अनुमानाला आवश्यक नाहीत. स्थळाची जात कळली की वाचन पूर्ण होते.

'ओडिसी'च्या सहाव्या सर्गात राजकन्या नौसिका दासींसह धुणे घेऊन नदीवर जाते. कपडे तुडवून धुतले जातात, समुद्राने धुऊन स्वच्छ केलेल्या किनाऱ्यावरच्या गोट्यांवर पसरले जातात, आणि ते उन्हात वाळेपर्यंत मुली स्नान करतात, जेवतात, चेंडू खेळतात. चेंडू पाण्यात पडतो, मुली ओरडतात, झुडपात झोपलेला ओडिसियस जागा होतो. कथा घडते ती कपडे वाळण्याच्या अवकाशात. विवस्त्र ओडिसियसला नौसिका त्या धुतलेल्या कपड्यांतील वस्त्रे देते. सातव्या सर्गात तो राजवाड्यात येतो तेव्हा राणी आरेती त्याच्या अंगावरचा झगा आणि अंगरखा पाहते, आणि तो कोण, कोठला हे विचारताना ही वस्त्रे त्याला कोणी दिली हेही विचारते. तिला हे विचारता येते, कारण ती वस्त्रे तिने आपल्या दासींसमवेत स्वतः तयार केलेली आहेत. वस्त्राच्या मागे असलेले हात तिला माहीत आहेत. म्हणून ती वस्त्रावरून माणसाच्या प्रवासापर्यंत पोहोचू शकते.

या दोन वाचनांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याचे कारण नाही. परंतु त्यांची दिशा भिन्न आहे. दुष्यंताचे वाचन खुणेकडून कोटीकडे जाते. आरेतीचे वाचन खुणेकडून श्रमाकडे, संबंधाकडे आणि प्रश्नाकडे जाते. मराठी समीक्षेने वलणीच्या बाबतीत जवळजवळ नेहमीच रथातले वाचन स्वीकारले आहे. 'चाळ', 'झोपडपट्टी', 'वाडा' अशी स्थळाची कोटी कळली की तपशिलाचे काम संपले, असे ती गृहीत धरते. या वाचनातून नेमके काय निसटते हे पुढील तुलनेवरून दिसेल.

४

घरातील कपडे घरीच धुऊन घरीच वाळत घातले जातात, हे वाक्य घेऊ. ते दोन अगदी वेगळ्या घरांविषयी लिहिले जाऊ शकते.

पहिले घर सोवळे पाळणारे. येथे वस्त्राच्या शुद्धतेचे तपशीलवार नियम आहेत. मुकटा, कद, पीतांबर अशी रेशमी वस्त्रे आणि लोकरीची धाबळी रोज न धुताही सोवळ्यात चालतात. सुती वस्त्र मात्र धुतलेले हवे, आणि धुतल्यानंतर ते कोणाचाही स्पर्श न होता वाळलेले हवे. म्हणून छताजवळच्या दांडीवर ते काठीने टाकले जाते आणि काठीनेच काढले जाते. पारोशा माणसाने, खेळून आलेल्या मुलाने त्याला हात लावता कामा नये. वाळणे ही येथे पाण्याची वाफ होण्याची भौतिक क्रिया एवढीच नसते. वस्त्र विटाळण्याचा धोका ज्या काळात सर्वाधिक, तो हा काळ. मेरी डग्लस यांनी १९६६ च्या 'प्युरिटी अँड डेंजर'मध्ये अस्थानी असलेली वस्तू म्हणजे मळ, अशी जी मांडणी केली तिचे याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण. काठी आणि उंच दांडी ही वस्त्राला त्याच्या स्थानी ठेवणारी साधने आहेत. लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे'च्या आरंभी (पहिला भाग १९३४) वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचे जे चित्र येते, त्यात बाहेरून आलेला जिन्नस धुऊन घेण्यापर्यंत गेलेली ही व्यवस्था आणि तिचा घरातल्या माणसांवर पडणारा भार लेखिकेच्या निर्मळ विनोदातून प्रकट होतो. या घरात सोवळ्याची वस्त्रे परटाकडे जात नाहीत, कारण परटाचा स्पर्श त्यांना चालत नाही.

दुसरे घर साताऱ्यातले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३५ च्या सुमारास इंग्रजीत लिहिलेल्या आणि पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केलेल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत आपल्या बालपणातील घराचा उल्लेख आहे. घरातील कपडे बहिणी धूत, असे ते सांगतात. त्यानंतर या वाक्याची जी दोन सोयीस्कर स्पष्टीकरणे वाचकाच्या मनात येऊ शकतील ती ते क्रमाने बाजूला करतात. साताऱ्यात परीट नव्हते असे नव्हे. त्यांना पैसे देण्याची ऐपत नव्हती असेही नव्हे. अस्पृश्याचे कपडे धुवायला कोणताही परीट तयार नव्हता, हे कारण शेवटी येते. शाळेत बसण्यासाठी न्यावे लागणारे गोणपाट आणि शिपायावाचून न मिळणारे पाणी यांच्याच शेजारी हा तपशील आलेला आहे.

ही दोन घरे शेजारी ठेवली म्हणजे लक्षात येते की दोरीवरचे दृश्य दोन्हीकडे सारखेच असू शकते. दोन्ही घरांत कपडे घरच्या स्त्रियांच्या हातून वाळत पडतात. एका घरात, परक्याचा हात लागू द्यायचा नाही म्हणून. दुसऱ्या घरात, परका हात लावायला तयार नाही म्हणून. दोन्ही कारणे एकाच व्यवस्थेची दोन टोके आहेत, आणि परीट हा त्या दोन टोकांच्या मध्ये उभा आहे. बारा बलुतेदारांपैकी एक असलेला परीट सवर्णांचा मळ हाताळतो म्हणून त्यांच्या सोवळ्याला दूर, आणि तरीही स्वतःहून 'खालचे' कोणीतरी राखून आहे. मुल्कराज आनंद यांच्या 'अनटचेबल' (१९३५) या कादंबरीतील धोबीण गुलाबो भंगीकाम करणाऱ्या कुटुंबापेक्षा स्वतःला वरची समजते आणि विहिरीवर सोहिनीशी भांडते, ते याच उतरंडीमुळे.

आता 'अंगणात कपडे वाळत होते' हे वर्णनात्मक वाक्य पुन्हा पाहावे. रथातल्या वाचनाला दोन्ही अंगणे सारखीच दिसतील. फार तर एक नीटनेटके आणि दुसरे दरिद्री वाटेल. हे 'दरिद्री' वाटणेही फसवे आहे, कारण ऐपतीचे स्पष्टीकरण आंबेडकरांनी आधीच नाकारले आहे. कपडे तेथे कोणाच्या हाताने आले, कोणाचा हात टळला किंवा टाळला गेला, हा प्रश्न विचारल्याखेरीज तपशिलाचा अर्थ हाती लागत नाही.

यातून 'वातावरण' आणि 'दस्तऐवज' या वाटणीचाही उलगडा होतो. ज्या संहितेत स्पर्शाचे नियम लेखक, निवेदक आणि अपेक्षित वाचक या तिघांनाही जन्माने ठाऊक असतात, तेथे ते सांगावे लागत नाहीत. तपशील मौन राहू शकतो, आणि त्या मौनाला समीक्षा 'सूचकता' म्हणते. ज्या संहितेत नियमाचा जाच सोसणारा लेखक तो नियम न सोसलेल्या वाचकापुढे मांडतो, तेथे कारण उच्चारावेच लागते. आणि त्या उच्चाराला समीक्षा 'समाजशास्त्रीय माहिती' म्हणते. फरक कलात्मकतेच्या मात्रेचा नसून वाचकाशी असलेल्या नात्याचा आहे. किंबहुना, एक विधान करणे, त्याची संभाव्य स्पष्टीकरणे खोडणे आणि खरे कारण अखेरीस ठेवणे, ही आंबेडकरांच्या त्या मजकुराची रचना काटेकोर अर्थाने वाङ्मयीन आहे. वाचकाच्या गृहीतकांनाच ती आशयाचा भाग करते.

५

कोणाच्या हाताने, हा प्रश्न मराठी भाषेच्या पातळीवरही तपासता येतो. 'तिने कपडे वाळत घातले' या वाक्यात कर्ता आहे. 'वाळत घातलेले कपडे' या धातुसाधित रचनेत क्रिया उरते, कर्ता गळतो. 'कपडे वाळत होते' येथे घालण्याची क्रियाही जाते आणि वाळण्याचे कर्तृत्व कपड्यांकडेच येते. 'दोरीवर कपडे होते' या टप्प्यावर वाळणेही संपते. केवळ स्थिती उरते. वास्तववादी वर्णने बहुधा तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर लिहिली जातात. रंगभूमीवर तर चाळीच्या नेपथ्यातले कपडे पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत तसेच लटकत राहू शकतात. ते ओले नसतात, वाळत नाहीत, कोणी काढीत नाही. काळ आणि कर्ता दोन्ही वजा केल्यावर जे उरते त्याला वातावरण म्हणतात.

शब्दसंग्रहही या गळतीला अनुकूल आहे. पापड-कुरडयांना 'वाळवण' असे स्वतंत्र नाम आहे, आणि त्या नामाभोवती आठवणींचे एक सुखद वाङ्मय उभे राहिले आहे. कपड्यांना मात्र 'धुणे' हेच एक नाम. ते मळलेल्या कपड्यांनाही लागते, धुण्याच्या क्रियेलाही आणि पिळून बादलीत ठेवलेल्या पिळ्यांनाही. देशावर 'वाळत घालणे', कोकणात 'सुकत घालणे' ही क्रियापदे आहेत. पण पिळे झटकणे, दोरीवर जागा शोधणे, ऊन सरकेल तसे कपडे सरकवणे, पावसाची सर येताच धावत जाऊन ते गोळा करणे, श्रावणात घरातल्या घरात चुलीच्या उबेवर ते कोरडे करणे, या साऱ्या श्रमाला मिळून एक नाव नाही. नाव नसलेले काम वर्णनातून सहज वगळले जाते.

कर्ता वगळला गेला की निरीक्षकाची जागा महत्त्वाची होते. मुंबईतील महालक्ष्मीचा धोबीघाट रेल्वेस्थानकाजवळच्या पुलावरून दिसतो, आणि त्याची असंख्य छायाचित्रे त्याच पुलावरून घेतलेली आहेत. वरून दिसतो तो रंगांचा आकृतिबंध: पांढऱ्या चादरींची एक ओळ, गणवेशांची दुसरी, निळ्या जीन्सची तिसरी. खाली गेल्यावर कळते की येथे कपड्यांना चिमटे लावत नाहीत. दोन पदरी पीळ दिलेल्या दोरीच्या पदरांत कपड्याचे टोक खोचले जाते आणि दोरीचा पीळच ते धरून ठेवतो. हे कौशल्य पुलावरून दिसत नाही. वाळणाऱ्या हजारो कपड्यांपैकी जवळजवळ एकही वाळत घालणाऱ्याच्या अंगावर जाणारा नाही, हेही तेथून दिसत नाही. २०११ मध्ये प्रदर्शित झालेल्या किरण राव यांच्या 'धोबी घाट' या चित्रपटात स्थलांतरित धोबी मुन्ना आणि त्याच्या कामाची छायाचित्रे घेणारी उच्चवर्गीय तरुणी यांच्या संबंधातून पाहणारा आणि पाहिला जाणारा यांतील हे अंतरच विषय झालेले आहे. आकृतिबंधाचे सौंदर्य खोटे नसते. ते पुलाच्या उंचीने विकत घेतलेले असते.

निरीक्षकाला जे दिसते तेही अगोदरच निवडलेले असते. घरची दोरी लावणारी स्त्री स्वतः एक संपादक असते. बाहेरच्या दोरीवर चादरी, धोतरे, पाचवारी साड्या. आतल्या दोरीवर परकर, चोळ्या. आणि त्यांच्याही आड, साडीच्या पदराखाली, अंतर्वस्त्रे. मासिक पाळीचे कपडे तर दोरीवर येतच नाहीत. ते न्हाणीघराच्या कोपऱ्यात, गोठ्याच्या आढ्याला, दमट अंधारात वाळवले जातात. आरोग्यशास्त्र नेमके उलट सांगते: असे कापड स्वच्छ धुऊन उन्हातच वाळवावे, म्हणजे जंतुसंसर्गाचा धोका कमी होतो. लज्जेच्या संकेताने स्त्रीच्या शरीराला जो धोका पत्करायला लावला आहे तो दोरीवर कधीच दिसत नाही, कारण दोरी हीच त्या संकेताची प्रसिद्ध आवृत्ती आहे. म्हणून रस्त्यावरून चाळीची गॅलरी 'जशी आहे तशी' रंगवणारा वास्तववादी लेखक प्रत्यक्षात एका स्त्रीने संपादित केलेल्या संहितेची नक्कल करीत असतो. तिने काय वगळले याची जाणीव त्याच्या निवेदनात असेल तर वर्णनाला खोली येते. नसेल तर वर्णन कितीही अचूक असले तरी भोळे राहते.

मराठी भाषेला या वगळण्याची जाण आहे. 'लक्तरे वेशीवर टांगणे' हा वाक्प्रचार तिचीच साक्ष देतो. टांगणे म्हणजे दाखवणे. आणि काय टांगायचे नाही यावर घराची अब्रू अवलंबून. स्त्रियांच्या आणि दलितांच्या आत्मकथनांवर घेतल्या गेलेल्या आक्षेपांच्या मुळाशी हीच प्रतिमा असते: घरचे, समाजाचे झाकलेले यांनी वेशीवर टांगले. दया पवार यांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) मुंबईच्या रस्त्यांवर चिंध्या गोळा करून पोट भरणाऱ्या स्त्रिया येतात. तेथे लक्तर हा अब्रूच्या रूपकाचा भाग नाही. तो दिवसाच्या कमाईचा माल आहे. वाक्प्रचारातले लक्तर आणि टोपल्यातले लक्तर यांतील हे अंतर ज्या वाचनाला जाणवत नाही त्याने त्या संहितेला 'दस्तऐवज' म्हणावे, यात आश्चर्य नाही.

६

यावर एक आक्षेप संभवतो. प्रत्येक तपशिलामागचे श्रम आणि संकेत शोधत बसले तर वाङ्मयाची समीक्षा मानववंशशास्त्रात विरघळून जाईल. शिवाय कादंबरीकाराने दोरीवरच्या प्रत्येक पंचाचा हिशेब द्यावा अशी अपेक्षा करणे कलेच्या स्वातंत्र्याला बाधक आहे. आक्षेपाचा दुसरा भाग मान्य करण्यास अडचण नाही. कोणतीही कृती सर्व काही सांगत नाही, आणि मौन हे लेखकाचे हक्काचे साधन आहे. मुद्दा लेखकाच्या कर्तव्याचा नसून समीक्षकाच्या वाचनाचा आहे. पहिल्या भागाविषयी असे म्हणता येईल की येथे उपस्थित केलेले प्रश्न मूलतः रूपबंधाचे प्रश्न आहेत. वाक्यात कर्ता आहे की गळला आहे. वर्णनाला काळ आहे की केवळ स्थिती. निवेदक पुलावर आहे, गॅलरीत आहे की दोरीच्या आतल्या बाजूला. अपेक्षित वाचकाला कोणते नियम ठाऊक असल्याचे संहिता गृहीत धरते. या चारही प्रश्नांची उत्तरे संहितेच्या भाषेतच शोधावी लागतात. समाजशास्त्राची मदत होते ती उत्तरांचे वजन समजण्यासाठी.

आज शहरांतून वलणी मागे सरते आहे. कित्येक गृहनिर्माण संस्थांचे नियम दर्शनी बाजूला कपडे वाळत घालण्यास मनाई करतात. गॅलऱ्या बंदिस्त होतात, कपडे आतल्या स्टँडवर किंवा यंत्रात वाळतात. जुन्या चाळीची वलणी त्यामुळे स्मरणरंजनाचा विषय होण्याची चिन्हे आहेत, आणि स्मरणरंजन हे रथातल्या वाचनाचे सर्वांत आकर्षक रूप असते. सोवळ्याची काठी, आड लपवलेली चोळी आणि परटाने नाकारलेले गाठोडे त्यात एकाच सोनेरी उन्हात मिसळून जातील. म्हणून पदव्युत्तर वर्गात कादंबरीतील चाळीचे वर्णन शिकवताना 'वातावरणनिर्मिती' हा शब्द फळ्यावर लिहिण्यापूर्वी आरेतीचा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवणे इष्ट ठरेल: हे कपडे कोणाच्या हातचे? त्या प्रश्नाला संहितेत उत्तर मिळाले तर तपशिलाचे वाचन पुढे सरकेल. न मिळाले तर ते का मिळत नाही, याचा शोध घेता येईल. आणि हाच प्रश्न दलित आत्मकथनाला आणि मध्यमवर्गीय कादंबरीला सारख्याच रीतीने विचारला, तर एकीला दस्तऐवज आणि दुसरीला कला म्हणण्याची सवय आपल्याला सोडावी लागेल.